आठवण : ठेव की घडण?

दिवाळीच्या दिवसांत वसईकडच्या वाड्यांतून फराळाबरोबर आणखी एक जिन्नस घरोघर हमखास मिळतो. तो म्हणजे जुन्या माणसांच्या आठवणी. भाऊबीजेला माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरे, सकाळच्या लोकलने मुंबईहून आलेले भाचे-पुतणे असे सारे ओटीवर जमले आणि चहाची दुसरी फेरी झाली, की कोणीतरी म्हणतोच, "आत्या, ती टोपलीची गोष्ट सांग ना!"

आमच्या शेजारच्या घरातली ही आत्या आता नव्वदीला टेकली आहे. लग्न होऊन आली, तेव्हा ती सासूबरोबर पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजाराला जात असे. एकदा टोपल्या गाडीत चढल्या, सासू चढली, आणि ही नवी सून तेवढी फलाटावर राहिली. मग गाडी कशी थांबली, लोक कसे हसले, सासूने डब्यातून हात देऊन तिला कसे वर ओढले, अशी ती गोष्ट. ती तिने आजवर शंभरदा तरी सांगितली असेल. पण गंमत अशी, की दर खेपेस ती थोडी निराळी होते. टोपल्या कधी दोन असतात, कधी चार. गाडी एका वर्षी गार्ड थांबवतो, दुसऱ्या वर्षी स्टेशनमास्तर. गेल्या दिवाळीत तिच्या नातवाने तिला नेमके पकडले. "आजी, मागच्या वर्षी तर गार्डाने शिट्टी वाजवली होती. आता हा स्टेशनमास्तर कुठून आला?" आत्या मुळीच डगमगली नाही. म्हणाली, "शिट्टी वाजली ना रे? मग झालं तर!"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी परतल्यावर मनाला एक चुटपुट लागून राहिली. आत्मचरित्रे नि आठवणींची पुस्तके वाचायची आणि त्यांवर बरेवाईट लिहायचे, हा माझा कित्येक वर्षांचा उद्योग. छापील पुस्तकात गार्डाचा स्टेशनमास्तर झालेला आढळला, तर मी समासात लाल पेन्सिलीने खूण करतो आणि 'लेखकाचा प्रांजळपणा संशयास्पद' असे ठोकून देतो. मग आत्याला मी हसून का सोडून दिले? की आजवर पुस्तकवाल्यांवरच अन्याय करीत आलो?

आपल्याकडे आत्मचरित्राची परीक्षा करताना 'प्रांजळपणा' हा शब्द सोन्याच्या कसोटीसारखा वापरला जातो. त्याच्या मुळाशी एक समजूत दडलेली असते. आठवण ही माळ्यावरच्या पितळी डब्यात ठेवलेल्या वस्तूसारखी आहे, प्रामाणिक माणूस ती होती तशी बाहेर काढतो आणि अप्रामाणिक माणूस तिला कल्हई लावतो, अशी ती समजूत. अर्थात खोटे बोलणारे लेखक आहेतच, आणि त्यांची गय करण्याचे कारण नाही. पण मुळात आठवण ही अशी ठेवीची वस्तू आहे काय? गेल्या साठ-सत्तर वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले आहे, ते टीकाकारांनी अजून पुरते मनावर घेतलेले नाही. म्हणून आधी थोडी त्या शास्त्राची वाट चालून यावी, मग पुस्तकाकडे वळावे, असे मी योजले आहे. वाट अवघड नाही. सुरुवातीला एक गोगलगाय भेटते, इतकेच.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एक पेशी दुसरीला बहुधा चिकटलेली नसते. दोहोंच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते. निरोप देणारी पेशी त्या फटीत एक रसायन सोडते. ते पलीकडच्या पेशीच्या अंगावरील ठरावीक ग्राहकांना जाऊन भिडते आणि निरोप पोचतो. या जागेला चेतासंधी म्हणतात. आपण काही शिकतो, तेव्हा जो बदल होतो तो मुख्यतः या संधींत होतो. काही संधी बळकट होतात, काही दुबळ्या पडतात, काही नव्याने फुटतात.

हे नेमके कसे घडते, याचा छडा लावण्यासाठी एरिक कँडेल या शास्त्रज्ञाने माणूस सोडून समुद्रातली 'अप्लिझिया' नावाची मोठी गोगलगाय निवडली. तिच्या अंगात जेमतेम २०,००० चेतापेशी. त्यांतल्या काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. तिला हळूच स्पर्श केला, की ती आपला कल्ला आत ओढून घेते. शेपटीला विजेचा हलका झटका दिला, की त्यानंतर काही वेळ साध्या स्पर्शानेही ती दचकून कल्ला जोरात ओढते. एकच झटका दिला, तर ही धास्ती काही मिनिटांत विरते. पण मधून मधून विसावा देत चार-पाच झटके दिले, तर ती काही दिवस टिकते. गोगलगायीची का होईना, ही आठवणच झाली.

झटक्यासरशी पेशीवर सेरोटोनिन नावाचे रसायन येऊन पडते. ते स्वतः आत शिरत नाही. दारावरची घंटा वाजावी आणि आतल्या गड्याने धावावे, तसा पेशीच्या आत 'सायक्लिक एएमपी' हा दुसरा दूत कामाला लागतो. तो एका विकराला जागे करतो. त्या विकरामुळे पेशी पुढच्या वेळी फटीत अधिक रसायन सोडते. ही झाली थोड्या वेळाची आठवण. तिच्यासाठी नवे काही बांधावे लागत नाही, असलेल्या सामानाची नुसती हलवाहलव पुरते. झटके पुन्हा पुन्हा बसले, की तेच विकर पेशीच्या केंद्रकात शिरते आणि 'क्रेब' नावाच्या प्रथिनाला चेतवते. क्रेब काही जनुकांना हुकूम देतो, नवी प्रथिने तयार होतात आणि त्यांच्या मालातून नव्या संधी उगवतात. अशा शिकवणीनंतर एका संवेदी पेशीची टोके सुमारे १,३०० वरून २,७०० च्या वर गेलेली मोजण्यात आली. क्रेबचाच एक भाऊबंद उलट लगाम धरून बसलेला असतो. तो दूर झाल्याखेरीज हे बांधकाम सुरू होत नाही, आणि म्हणूनच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक क्षणाची आठवण होऊन बसत नाही. या कामासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आर्व्हिड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड हे दोघे त्यात त्यांचे वाटेकरी होते.

हा गोगलगायीपुरता चमत्कार नव्हे. १९७६ साली अमेरिकेत वास शिकू न शकणारी एक फळमाशी सापडली. तिला शास्त्रज्ञांनी चक्क 'ढ' या अर्थाचे नाव दिले. पुढे कळले ते असे, की सायक्लिक एएमपीची विल्हेवाट लावणारे विकरच तिच्यात बिघडलेले होते. आपल्या मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा संसार मांडला, आणि पुढे याच फळमाशीच्या वास घेण्याच्या नि शिकण्याच्या रीतीमागे लागून शिष्यांची एक पिढी तयार केली. माशी काय, उंदीर काय, आणि आपण काय, या बाबतीत सगळ्यांच्या घरची मूळ रीत पुष्कळशी एकच आहे.

म्हणजे टिकाऊ आठवण ठेवली जात नाही, ती बांधली जाते. बांधायला वेळ लागतो आणि माल लागतो. प्रथिने बनवणे रोखणारे औषध उंदराच्या मेंदूत सोडले, तर शिकलेले पुसले जाते, हे लुई फ्लेक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ सालीच दाखवले होते. पण एकदा बांधून झाले की काम संपले, पुढे ती भिंत उभीच, असा सर्वांचा समज होता. त्याला खरा तडा गेला २००० साली. न्यूयॉर्कमध्ये करीम नादर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एक सूर ऐकवून त्यापाठोपाठ झटका दिला. धास्ती पक्की झाली. नंतर त्यांना तो सूर पुन्हा ऐकवला, म्हणजे आठवण जागी केली, आणि लगेच मेंदूच्या भीती सांभाळणाऱ्या भागात प्रथिनांना अटकाव करणारे औषध दिले. पुढे ते उंदीर सूर ऐकून पूर्वीसारखे भ्यायले नाहीत. आठवण जागी न करता तेच औषध दिले, तर मात्र धास्ती जशीच्या तशी राहिली. याचा अर्थ असा, की जागी केलेली आठवण काही काळ सैल होते आणि तिला पुन्हा नव्याने बांधून घ्यावे लागते.

इथे घाई करून भलते अनुमान काढू नये. प्रत्येक आठवण प्रत्येक वेळी अशी सैल होतेच असे नाही. जुन्या, मुरलेल्या आठवणी सहजासहजी उकलत नाहीत. बहुधा जागे होण्याच्या वेळी काही अनपेक्षित घडावे लागते, म्हणजे अपेक्षेत आणि अनुभवात फरक पडावा लागतो, तेव्हा दार उघडते. माणसांवरचे प्रयोग उंदरांइतके एकसुरी निकाल देत नाहीत, हेही खरे.

तरीसुद्धा माणसाच्या आठवणी बदलतात आणि बदललेल्या त्याला कळत नाहीत, याविषयी मात्र शंका उरलेली नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर लगेच फुटले. दुसऱ्याच सकाळी अमेरिकेतील एमरी विद्यापीठात उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, की बातमी तुम्हांला कुठे, कोणाकडून, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या चव्वेचाळीस जणांना पुन्हा तेच विचारले. अनेकांनी भलतीच हकीकत सांगितली, आणि तीही ठाम विश्वासाने. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी काही जण नव्या हकीकतीला चिकटून राहिले. ही मुले खोटे बोलत नव्हती. ती पूर्ण प्रांजळ होती. आमच्या टीकाकारी शब्दकोशाची पंचाईत होते ती इथेच.

एका माणसाचे जे, तेच गावाचेही. आमच्या वसईपुरते बोलायचे, तर मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, हे कागदोपत्री पक्के आहे. पण वसईच्या शाळकरी पोराला विचाराल, तर तो आधी सांगेल ती दुसरीच गोष्ट. किल्ला हाती येत नाहीसे दिसले, तेव्हा आप्पा म्हणाले, की निदान माझे शिर तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात पाडा. त्याच्यापाठोपाठ तो हाती लागलेल्या पोर्तुगीज स्त्रीची सन्मानाने परत पाठवणी केल्याची गोष्ट सांगेल. ती ऐकताना कल्याणच्या सुभेदाराची सून आणि शिवाजी महाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. दोन्ही गोष्टींचा साचा एकच. त्यांच्या खरेखोटेपणाचा निवाडा इतिहासकारांनी करावा. मला दिसते ते एवढेच, की समाजही आठवताना जुने साचे हाताशी धरतो. शिवाय तोच मे महिना एका घरी विजय म्हणून आठवला जातो, तर दुसऱ्या घरी देवळांतून निघून गेलेल्या घंटा म्हणून. वसईच्या चर्चमधल्या अशा घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या मंदिरांत नेल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली नाशिकला, गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या मंदिरावर आहे. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. धातू तोच, नाद तोच, पण आता तो ऐकणारे कान वेगळे.

त्या गोदाकाठापासून फार लांब नसलेल्या जलालपूर गावात १८६८ साली एक मुलगी जन्मली. तिने पुढे मराठीतले आठवणींचे सर्वांत लाडके पुस्तक लिहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. शाळेचे तोंड न पाहिलेली, अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेली ही बाई साठी उलटल्यावर लेखिका झाली. दोन वर्षांनी, १९३६ साली, ती गेली. पण तेवढ्यात तिने जे केले, त्याला तोड नाही. तेव्हापासून आजपर्यंत या पुस्तकावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी एकच विशेषण पुन्हा पुन्हा वापरले आहे : अकृत्रिम. जसे घडले तसे सांगितले, कलेचा प्रयत्न नाही, म्हणून गोड. हा गौरव वरवर पाहता उदार आहे, पण मला तो अपुरा वाटतो. तो लेखिकेचे मोठे कर्तृत्व तिच्या हातून काढून घेऊन नशिबाच्या खात्यावर जमा करतो.

पुस्तकाची सुरुवातच पाहा. १८५७ च्या बंडात लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाले आणि त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. पुढे बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येईना आणि सारे घर त्या वेडाखाली भरडून निघाले. पण लक्ष्मीबाईंचा जन्म त्या फाशीनंतर अकरा वर्षांचा! म्हणजे 'स्मृतिचित्रे' या ग्रंथातले पहिले चित्र लेखिकेच्या स्मृतीतले नाहीच. ते ऐकलेले आहे, घरातल्या बायांनी दबक्या आवाजात सांगितलेले, पिढीच्या स्मृतीतून हिच्या स्मृतीत आलेले. तरीही वाचताना ते कुठे परके वाटत नाही. ऐकलेली आठवण आणि भोगलेली आठवण इतक्या बेमालूम सांधता येतात, कारण दोन्ही एकाच हातांनी बांधलेल्या असतात.

पुढे त्या सोवळ्याच्या वेडाची वर्णने येतात आणि आपण पोट धरून हसतो. इथे जरा थांबून विचार करावा. ज्या मुलीने तो जाच सोसला, ती तेव्हा हसत होती काय? शक्य नाही. ती भेदरलेली असणार, भुकेली असणार. हसू आले आहे ते नंतर, आणि ते कुठून आले याचा माग पुस्तकातच लागतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. त्या माहेरच्यांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या. मग कित्येक वर्षांच्या घालमेलीनंतर, आपल्याच पायांनी चालत, आधी शिवाशिवीची कल्पना त्यांनी मनातून काढून टाकली आणि मग त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. ही वाट चालून आलेल्या बाईने मागे वळून बापाच्या सोवळ्याकडे पाहिले, तेव्हा त्या आठवणीतली भीती उतरून गेली होती आणि तिच्या जागी हसू आले होते. ते हसू कुत्सित नाही. त्यात बापाची कीव आहे, आणि स्वतःही एके काळी त्याच वेडात अर्धी बुडालेली होते ही जाणीव आहे. अनपेक्षित अनुभव आला, की मुरलेली आठवण सैल होते आणि नव्याने बांधली जाते, असे प्रयोगशाळा म्हणते. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात तर अपेक्षा आणि अनुभव यांच्यात फरक पडावा असे काय घडायचे राहिले होते?

दुसरी गोष्ट सांगण्याची. हे पुस्तक लिहिले गेले, ते मुलामुळे. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला म्हटले, की तुला आठवते ते लिहून दे. म्हणजे आठवण जागी झाली ती कोणी विचारले म्हणून. पण लेखणी हाती येण्यापूर्वी चाळीस-पन्नास वर्षे या गोष्टी तोंडाने सांगितल्या गेल्या असणार, मुलांना, शेजारणींना, घरात सांभाळलेल्या पोरांना. त्या गोष्टींची चाल पाहिली, की खात्रीच पटते. टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घरातून निघून जाणे, दोन्ही हातांनी देऊन टाकणे, यांचे प्रसंग असे घोटलेले आहेत, की कुठे थांबायचे, शेवटचे वाक्य किती तोकडे ठेवायचे, हे सारे श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहत ठरलेले आहे. जिथे ऐकणारा कंटाळला, तो तपशील गळून गेला. जिथे तो हसला, तो राहिला. याला अकृत्रिम कसे म्हणावे? मेजावर बसून केलेली कारागिरी ती नव्हे, हे खरे. पण पाट्यावर वाटलेल्या चटणीलाही मेहनत लागतेच.

या दृष्टीने पुस्तकाचा एक विशेष उलगडतो. मला पहिला निम्मा भाग नंतरच्या भागापेक्षा जास्त जिवंत वाटतो. साधी समजूत अशी, की जवळचे स्पष्ट आठवावे आणि दूरचे पुसट. इथे उलटे आहे. याचे एक कारण विषयात आहे. नाट्य पूर्वार्धातच घडून गेले आहे आणि टिळकांसारखे पात्र १९१९ साली जगातून गेल्यावर त्या जागी दुसरे येणार कुठून? पण दुसरे कारण मला सांगण्याच्या सरावात दिसते. जुन्या आठवणी अनेकदा उकलून पुन्हा बांधलेल्या आहेत. नव्या अजून कच्च्या आहेत.

मग या मुळे पुस्तकाचा खरेपणा उणा होतो काय? सालवारीपुरता होतो. काळाचे धागे काही ठिकाणी गुंततात, आणि टिळकांचे चरित्र लिहू पाहणाऱ्याने या पुस्तकावर एकट्यावर विसंबू नये. पण लक्ष्मीबाईंना जे सांगायचे आहे, ते टिळकांचे रोजनामचे नव्हेच. अशा माणसाबरोबर संसार कसा होतो, त्याच्यावर रागावत, त्याला हसत, त्याच्या मागून जाता जाता आपण त्याच्याही पुढे कसे निघून जातो, हे त्या सांगतात. याला साक्षीदार एकच, आणि तो खोटे बोलत नाही, हे आपल्याला एका खुणेवरून कळते. काळ लोटला तशा लक्ष्मीबाई स्वतःच्या आठवणीत अधिक शहाण्या किंवा अधिक सोशीक झालेल्या नाहीत. आपली भांडखोर वाक्ये, आपले अज्ञान, आपले हट्ट त्यांनी जागच्या जागी राहू दिले आहेत. आठवण दर खेपेस बदलते, आणि तिचा सहज कल सांगणाऱ्याला मोठे करण्याकडे असतो. त्या कलाविरुद्ध जो तिला बांधतो, तो प्रांजळ. माझ्या जुन्या शब्दाला मी आता एवढाच अर्थ देतो.

याला एक तोलामोलाचे उदाहरण म्हणून खुद्द एरिक कँडेल यांचेच पुस्तक घेता येईल. २००६ साली त्यांनी 'इन सर्च ऑफ मेमरी' या नावाने आपले आत्मचरित्र आणि स्मृतिशास्त्राची कहाणी एकत्र गुंफून लिहिली. ते व्हिएन्नातल्या एका ज्यू खेळणीविक्याचे मूल. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, नवव्या वाढदिवसाला, त्यांना एक चकचकीत निळी खेळण्यातली मोटार मिळाली. दोनच दिवसांनी, ज्या रात्री नाझींनी ज्यूंच्या वस्त्यांवर झडप घातली, तेव्हा त्यांच्या कुटुंबाला घराबाहेर काढण्यात आले. परत आले, तेव्हा किमती वस्तूंबरोबर ती मोटारही गेलेली होती. पुढल्या वर्षी हा मुलगा अमेरिकेला पोचला. आपल्याला मनाचे नि स्मृतीचे कुतूहल लागले, ते व्हिएन्नातल्या त्या अखेरच्या वर्षामुळे, असे ते लिहितात.

प्रसंग हृदयाला भिडतो. मोटारीच्या रंगाविषयीही मी शंका घेणार नाही, कारण भीतीच्या वेळी मेंदूत सुटणारी रसायने अशा क्षणांची बांधणी अधिक पक्की करतात. पण 'त्या वर्षामुळे मी स्मृतीकडे वळलो' हे वाक्य त्या नऊ वर्षांच्या मुलाचे नाही. ते पुढच्या सबंध आयुष्याने मागे जाऊन लिहिलेले आहे. गोगलगायीविषयी बोलताना पदोपदी पुरावा मागणारा हा शास्त्रज्ञ स्वतःच्या बालपणाविषयी बोलताना मात्र तुमच्याआमच्यासारखाच धागे जुळवतो. मला यात उणेपणा दिसत नाही. दिसते ते असे, की शास्त्र आठवण कशी बांधली जाते ते सांगते, पण कोणती बांधावी आणि तिचा काय अर्थ लावावा, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. नोबेल मिळवूनही त्यातून सुटका नाही. सेरोटोनिन, क्रेब आणि प्रथिने हा मालमसाला झाला. त्यातून आत्याची टोपली होते, की व्हिएन्नाची निळी मोटार, की जलालपूरचे सोवळे, हे मालावर अवलंबून नाही.

तेव्हा गार्डाचा स्टेशनमास्तर झाला म्हणून लाल पेन्सिल उचलण्यात अर्थ नाही, असे माझे मत बनले. पण हे सगळे लिहून काढल्यावर पुढे जे घडले, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी आत्या ओटीवर एकटीच बसली होती. मी सहज जाऊन बसलो. मेंदूवाल्यांचे ऐकून मला वाटले, की नेहमीचे विचारण्यापेक्षा कधी न विचारलेले काही विचारून पाहावे. म्हटले, "आत्या, त्या दिवशी दादरला फुलांना भाव काय मिळाला?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग बराच वेळ अंगणाकडे. म्हणाली, "भाव कुठला रे भाऊ! आम्ही दादरला गेलोच नाही त्या दिवशी."

"म्हणजे?"

"गाडी थांबली नव्हती. ती कशाला थांबते सुनेसाठी? सासूबाई पुढच्या स्टेशनात उतरल्या. टोपल्या तशाच गेल्या गाडीतून. उलट्या गाडीने माघारी आल्या. मी फलाटावर रडत बसलेली. वाटलं, आता मारतात. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन भाकरी वाढली आधी मला."

मी विचारले, "मग ती शिट्टी?"

"ती मुलांसाठी," आत्या म्हणाली, आणि पुन्हा अंगणाकडे बघू लागली.

आता यातले खरे कोणते? सत्तर वर्षे झाकून ठेवलेले त्या संध्याकाळी बाहेर आले, की माझ्या प्रश्नाने दार उघडले आणि सासूच्या मायेची आत्याच्या मनात साठलेली सारी याद त्या एका सकाळीवर येऊन बसली? मला सांगता येणार नाही, आणि बहुधा आत्यालाही नाही. त्या सकाळचा दुसरा साक्षीदार केव्हाच गेला. पण इतके मात्र मला कळले, की तिने हे सांगितले तेव्हा तिच्या बोलण्यात ती स्वतः कुठे मोठी झाली नाही. मोठी झाली ती सासू.

मी घरी आलो, वही काढली आणि तिचे शब्द आठवतील तसे उतरून घेतले. वर तारीख घातली. या दिवाळीला मुले पुन्हा टोपलीची गोष्ट मागतील, तेव्हा ती कोणती सांगते ते ऐकायचे आहे.